महाग तेवढंच मुरलेलं? सिगारच्या दरावरून फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

सिगारबद्दलचा एक मजकूर गेले काही महिने मला सारखा येतोय. आधी नागपूरच्या मावसभावाने पाठवला, मग न्यू जर्सीतल्या मित्राने, आणि परवा तर आमच्या शाळेच्या ग्रुपवर, जिथे निम्म्यांनी सिगार हातातही धरलेली नाही. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: खरी सिगार क्युबाचीच. पाच-सात डॉलरच्या सिगारीत कारखान्यातली झाडलोट भरतात. पानं मुरवणं आणि हाताने वळणं महागड्या कंपन्यांनाच परवडतं. आणि महागडी सिगार ‘शुद्ध’ असल्यामुळे ती बाधत नाही.

मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीच्या वासात वाढलेला. गेली अकरा वर्षं फ्लोरिडात टॅम्पाला राहतो. एकेकाळी हे गाव सिगारवरच जगायचं. तेव्हा या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

झाडलोटीपासूनच सुरू करतो. मागच्या दिवाळीत एक मित्र मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून ‘कोहिबा’ या क्युबाच्या महागड्या सिगारीची पेटी घेऊन आला. काचेचं झाकण, आत पिवळ्या-काळ्या कागदी पट्ट्या गुंडाळलेल्या पंचवीस सिगारी, घासाघीस करून दीडशे डॉलरला. बघताक्षणी माझ्या पोटात गोळा आला, कारण कोहिबा काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाही. मित्राला ते पटेना. मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्याची एक सिगार ब्लेडने उभी चिरली. शेजारी निकाराग्वातल्या एस्तेलीची, पाच डॉलरची, पेटीशिवाय नुसत्या सेलोफेनच्या जुडीत येणारी सिगार चिरली. त्याच्या सिगारीतून भुगा सांडला, मध्ये देठाचे जाड तुकडे. पाच डॉलरच्या सिगारीत टोकापासून टोकापर्यंत अखंड पानं होती, साडीच्या निऱ्यांसारखी चुण्या घालून बसवलेली. त्या निऱ्यांमधल्या फटींतूनच धूर नीट ओढला जातो. नकली मालावरून क्युबाची परीक्षा करू नये, हे मान्य. पण ‘दर आणि पट्टी बघा, आतलं पान कळेल’ हा हिशेब तिथेच कोसळला.

आणि तुकडे असले म्हणजे झाडलोटच असते, असंही नाही. आर्तुरो फुएंते या नावाजलेल्या घराण्याची ‘कर्ली हेड’ ही अगदी स्वस्तातली सिगार आहे. त्यांच्या इतर सिगारी वळताना जे कातरण उरतं, ते तिच्यात जातं. आंबेमोहोराची कणी घेतो तसंच हे. दाणा तुटलेला असतो, वास तोच असतो. कणी भरभर शिजते, हीही भरभर आणि जरा गरम जळते, एवढा फरक राहतो. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने वळलेल्या, सुगंधी पाणी मारलेल्या सिगारी मात्र मी या हिशेबात धरत नाही. त्यांच्याबद्दल मजकुराने काहीही म्हणावं.

‘हाताने वळणं महागांनाच परवडतं’ हे तर साफ चूक. एस्तेलीच्या कारखान्यांत बहुधा जोडीने काम चालतं. एक जण आतली पानं जुळवून बाइंडरमध्ये, म्हणजे त्यांना बांधून ठेवणाऱ्या पानात, गुंडाळतो, ती गुंडाळी साच्यात दाबली जाते, मग दुसरी व्यक्ती रॅपर, म्हणजे सगळ्यात वरचं दिसणारं पान, चढवते. जुडीतली सिगारही अशीच होते. सराईत जोड्यांना अवघड, निमुळते आकार देतात, हे खरं. पण साध्या सरळ आकाराला सराईतच हात लागतो असं नाही, बऱ्यापैकी हातही पुरतो.

दरातला मोठा फरक रॅपरमध्ये आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. कनेक्टिकटमध्ये नाजूक, फिकट रॅपरसाठी शेतभर कापडाचे मांडव घालतात. एक्वाडोरमध्ये डोंगराच्या पायथ्याशी ढगच एवढे असतात की मांडवाची गरज उरत नाही. तेच बियाणं, सावली फुकटची. शिवाय एका पेटीतल्या सगळ्या सिगारी एका रंगाच्या दिसाव्यात म्हणून कारखान्यात रंगांची निवड होते. ज्या पानावर पाण्याचा डाग किंवा जाडसर शीर असेल ते मागे पडतं. मग तीच सिगार पट्टीशिवाय, जुडीत, निम्म्या दरात निघते. डागाला चव नसते. मुंबईच्या बाजारात डागी हापूस स्वस्तात उचलणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चवीचं काय, असं कुणी विचारेल. ‘सिगार अफिशिओनादो’ या अमेरिकी मासिकाचे परीक्षक पट्टी काढून, नुसता नंबर घातलेली सिगार ओढतात. 2008 साली त्यांनी वर्षातली सर्वोत्तम ठरवली ती निकाराग्वाची ‘कासा माग्ना’, तेव्हाची किंमत पाच-सव्वापाच डॉलर. 2012 साली मान मिळाला ‘फ्लोर दे लास अँतियास’ला, तीही सात डॉलरच्या आसपासची. मासिकाचे गुण म्हणजे वेदवाक्य मी मानत नाही, त्यांचं पोट जाहिरातींवर चालतं. पण जाहिरातीचा रेटा असता तर तो महागड्यांच्या बाजूने असायला हवा होता.

आता क्युबा. तिथल्या पिनार देल रिओची माती वेगळी आहे आणि तिची चव दुसरीकडे मिळत नाही, यावर माझा वाद नाही. वेगळी म्हणजे कायमच सरस, यावर आहे. 1959 च्या क्रांतीनंतर सरकारने तंबाखूचे कारखाने ताब्यात घेतले आणि जाणती माणसं बाहेर पडली. कुणी डोमिनिकन प्रजासत्ताकात गेलं, कुणी होंडुरासमध्ये, कुणी निकाराग्वात. त्यांच्यासोबत क्युबाचं बियाणं गेलं आणि पिढ्यांची हातोटीही. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 साली मायामीत छोटा कारखाना काढला, तो याच लाटेतला. उलट क्युबानेच 1990 च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन वाढवण्याची घाई केली तेव्हा इतक्या गच्च सिगारी बाहेर पडल्या की झुरका येईना. दर मात्र क्युबाचेच लागत होते.

एका बाबतीत मजकुराला मी पूर्ण गुण देतो: मुरवणं. पाद्रोन घराण्याची साधी मालिका अडीच वर्षं मुरलेल्या पानांची असते, ‘1964’ चार वर्षांच्या, ‘1926’ पाच वर्षांच्या. वाढीव वर्षांनी धुराची धार जाते, हे जिभेला कळतं. तेवढी वर्षं वखारीत माल म्हणजे पैसा अडकून पडतो, तो कुणीतरी भरायलाच हवा. पण अडीच वर्षांचं पान म्हणजे काही कच्चं पान नव्हे. कच्च्या पानाच्या ढिगातून अमोनियाचा जो भपका येतो तो निपाणीत लहानपणी नाकात बसलाय, बरी स्वस्त सिगार पेटवल्यावर तो येत नाही.

यापुढे जो दर चढतो त्याचा पानाशी संबंध विरळ होत जातो. 2022 साली क्युबाच्या हाबानोस कंपनीने कोहिबा आणि ‘त्रिनिदाद’ या आपल्या दोन सिगारींचे दर जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेले. कित्येक देशांत ते दुप्पट-तिप्पट झाले. शेत तेच, पान तेच, वळणारे हात तेच. ज्याने आदल्या महिन्यात घेतली त्याची सिगार मग निकृष्ट होती का?

करांची गंमत आणखी वेगळी. न्यूयॉर्क राज्यात सिगारवर घाऊक किमतीच्या 75 टक्के कर आहे, आमच्या फ्लोरिडात राज्याचा कर शून्य. मजुरीचंही तेच. टॅम्पाच्या यबोर सिटीत 1910 सालच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत जे. सी. न्यूमन कंपनीचा कारखाना आहे. तिथे ‘द अमेरिकन’ नावाची सिगार हाताने वळतात, पानंही अमेरिकेतच पिकलेली. ती वीस डॉलरच्या घरात जाते. त्याच कंपनीची निकाराग्वात वळलेली ‘कोरम’ तीनेक डॉलरला मिळते. दोन्ही एका तोडीच्या आहेत असं मी म्हणत नाही, नाहीतच. पण मधल्या सतरा डॉलरमधला मोठा वाटा अमेरिकेतल्या पगाराचा आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘शुद्ध आहे म्हणून बाधत नाही’. तो खोडायला दोन ओळी पुरतात. हाताने वळलेल्या स्वस्त सिगारीतही पानाशिवाय दुसरं काही नसतं, आणि शुद्ध पानाचा धूर हाच मुळात कर्करोगकारक आहे. एका मोठ्या सिगारीत अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, जीभ आणि घसा त्यातून सुटत नाहीत, मग पट्टीवर कोणतंही नाव असो.