रथ, गोपुर आणि कोथिंबीर

सहा वर्षांनी प्रवासवर्णन लिहायला बसलो. मधल्या काळात लेखणी चालली ती फक्त सोसायटीच्या नोटिशींपुरती. त्यामुळे हंपीवरच्या लेखाचं पहिलं वाक्य उतरलं ते असं : 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तुंगभद्रेला मुबलक पाणी आहे.'

खोडलं. 'पहाटेच्या साखरझोपेत असतानाच होस्पेट स्टेशन आलं...' हे बरं जमलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साखरझोप कुठली? रात्रभर वरच्या बर्थवाल्याच्या घोरण्याला नावं ठेवत जागे होतात की!"

पूर्वी हा त्रास नव्हता. पूर्वी मी मित्रांबरोबर जायचो आणि माझे मित्र काही वाचत नाहीत. म्हणून माझ्या जुन्या लेखांत मी सगळे डोंगर चढलोय. आता साक्षीदार घरातच. मातंग टेकडीवरच्या सूर्योदयावर मी अर्धं पान रंगवलं, तर म्हणाली, "अहो, तुम्ही निम्म्या वाटेवर गुडघा धरून बसला होतात. वर मी गेले."

मग सूर्योदय तिलाच विचारावा लागला. "लाल होता," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

भिस्त उरली टिपणवहीवर. तीत लिहिलं होतं : 'इडली ४. वडा १. गोपुर उलटं!! विसरू नये.' इडल्या आठवल्या. गोपुर मात्र काही केल्या आठवेना. शेवटी मुलीनं सांगितलं. विरूपाक्षाच्या देवळात मागच्या एका अंधाऱ्या जागी भिंतीला भोक आहे, त्यातून उजेड येऊन गोपुराची सावली समोरच्या भिंतीवर उलटी पडते. अगदी कॅमेऱ्यासारखी. शेकडो वर्षांपूर्वीची ती गंमत! मी तिचा फोटोही काढला होता. पण उलटा आलाय असं वाटून घरी आल्यावर तो सुलटा करून ठेवला होता.

विठ्ठल मंदिराबद्दल मात्र मला सांगण्यासारखं होतं. कृष्णदेवरायानं पंढरपूरचा विठोबा तिकडे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. देवळात आज मूर्ती नाही. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर मला भरून आलं होतं, खरंच. हे लिहून मी हळूच मागे पाहिलं. बायको काही बोलली नाही. म्हणजे हे घडलेलं असणार.

आता राहिला दगडी रथ. मोबाईलमध्ये त्याचे बेचाळीस फोटो. प्रत्येकात पुढे आमचं कुटुंब, मागे थोडं चाक. मधोमध मी उभा, म्हणजे रथ झाकायला दुसरं काही लागत नाही. नक्षी कशी होती, काही दिसेना. एकदम आठवलं, पन्नासच्या नव्या निळसर नोटेवर हाच रथ आहे! पाकीट उलटंपालटं केलं, एकच नोट मिळाली. भिंग आणलं, टेबलावरचा दिवा लावला आणि रथाचं बारकाव्यानिशी वर्णन सुरू केलं. सहा वर्षांचा गंज झडतोय असं वाटायला लागलं.

"पन्नास सुटे आहेत का हो? खाली भाजीवाला थांबलाय."

रथ गेला. दोन जुड्या कोथिंबीर आणि दहा रुपये परत आले. दहाच्या नोटेवर कोणार्कचं चाक आहे. तिथे आम्ही अजून गेलेलो नाही.