आयत्या वेळचा विषय

आमच्या नळाला पाणी मध्यरात्रीनंतर येतं. नक्की किती वाजता, ते फक्त गावच्या वॉलमनला, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व फिरवणाऱ्याला, ठाऊक. बाकीचा गाव नळाखाली बादली लावून झोपतो आणि एक कान जागा ठेवतो. नळ आधी खोकतो, मग बराच वेळ नुसती हवा सोडतो, मग एक लालसर चूळ टाकतो आणि त्यानंतर पाणी. तो खोकला ऐकू आला तर टाकी भरते. नाही आला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात डिओचा वास जरा जास्त येतो.

शहापूर तालुक्यातलं गाव आहे. नाव सांगत नाही, वॉलमनशी माझे संबंध नाजूक आहेत. भातसा आमच्या तालुक्यात, तानसाही आमच्याच तालुक्यात. तानशाचं धरण १८९२ सालचं, म्हणजे इथलं पाणी मुंबईला जायला लागून सव्वाशेच्या वर वर्षं झाली. आज मुंबई पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचं. आणि एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर फिरायला लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे इथं शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. ठाण्याला ऑफिसात कुणी नळ सोडून डबा विसळत उभी राहिली की मी म्हणते, “बाई गं, जरा बेतानं. माहेरचं आहे ते.”

आमच्या सोसायटीला जाहिरातीत टाऊनशिप म्हटलं होतं. चित्रात तळं होतं, तळ्यात बदकं होती. गाव आम्हाला ‘बिल्डिंगवाले’ म्हणतो आणि घरपट्टी वेळेवर घेतो. २०१९ला जलजीवन मिशन आलं. माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी मिळणार म्हणाले. रस्ते खणून पाइप टाकले, गावठाणात दारोदार सिमेंटचा बुटका खांब आला आणि खांबाला तोटी. कोपऱ्यावरच्या आजींनी त्या खांबाला शेळी बांधली. शेळी पावसाळाभर हिसके देत होती, खांब तसूभर हलला नाही. काम चांगलं झालंय, यात वादच नाही.

माझी मागणी एवढीच होती, की पाणी माणसांच्या वेळेत सोडा. मी पहाटेची लोकल पकडते. कसाऱ्याहून येणारी ती गाडी आसनगावला येईपर्यंत खिडक्या भरलेल्या असतात, त्यामुळे राहिलेली झोप उभ्यानं काढावी लागते. सरपंचबाईंकडे गेले. बाई हुशार. गावोगावच्या सरपंचपतींचे किस्से आपण ऐकतो, आमच्याकडे मात्र सरपंचबाईंचे यजमान फक्त माईक उचलायला येतात. बाई म्हणाल्या, “ताई, मी एकटीनं सांगितलं तर वाड्या माझ्यावर धावून येतील. ग्रामसभेत मांडा. ठराव झाला की कुणाची बोलायची सोय नाही.”

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली होती. अजेंडा आधीच फळ्यावर लागला होता. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, शासकीय परिपत्रकांचे वाचन, आणि तळाला ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. मी तिथं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता सरकारनं त्यांना ग्रामपंचायत अधिकारी केलंय, गावानं अजून मनावर घेतलेलं नाही) चष्मा कपाळावर सरकवला आणि मला कायदा सांगितला. सभेला कोरम लागतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो. आमच्या गावाला शंभर लागतात. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब.

“मग?”

“मग तहकूब सभा घ्यायची. तिला कोरम लागत नाही.”

हे मला फार आवडलं. शंभर माणसं आली नाहीत म्हणून सभा थांबवायची आणि पुढच्या वेळी पाच आली तरी चालवायची! मी म्हटलं, बरंच झालं, मग तहकूब सभेतच घेऊ माझा विषय.

“तिथं नवीन विषय घेता येत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “आयत्या वेळचा तर नाहीच नाही.”

म्हणजे बाकीच्या सगळ्या विषयांना रिकाम्या खुर्च्या पुरतात. शंभर माणसं एकट्या माझ्या नळाला हवी होती.

निघाले गोळा करायला. पहिल्यांदा अर्थातच आपली बिल्डिंग. रात्री बादलीपाशी जागणारी तीच माणसं. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर मुठी आवळल्या. नंतर कळलं, निम्म्यांची मतं अजून डोंबिवलीत नाहीतर कल्याणात आहेत. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. राहायला इथं, मत तिथं, अशा माणसानं येऊन खुर्ची अडवली तरी कोरममध्ये तो धरला जात नाही. आमच्या घरातच बघा, माझं नाव इथं आहे आणि ह्यांचं अजून डोंबिवलीत. ह्यांना त्याचं काडीचंही दुःख नाही. पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदनाला खाली उतरून, लाडू घेऊन, परत येऊन झोपायला त्यामुळे ते मोकळे.

सर्वसाधारण सभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी जरा तयारी करून गेले होते, संध्याकाळी आठला पाणी सोडणं सर्वांच्या कसं सोयीचं आहे ते पटवून द्यायचं होतं. दुसऱ्या वाक्यालाच बचत गटाच्या एक मावशी उठल्या. “आठाला आमी चुलीपाशी. पाणी भरील कोण, बाप्या?” व्हरांडा खदखदून हसला. मग दहा मिनिटं सगळ्या एकदम बोलल्या. एरवी बाजार भरल्यागत वाटलं असतं, पण त्या कलकलाटात कुणाची म्हैस कधी पिळायची असते, कुणाची सून कधी कंपनीत जाते, वरच्या वाडीला चढ असल्यानं पाणी किती उशिरा पोचतं, सगळं निघालं आणि शेवटी पहाटे पाचवर गाडी थांबली. पाच मलाही चालणार होतं, लोकलचं बघून घेतलं असतं. इतकं नेटकं कामकाज मी आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाहिलेलं नाही, आणि तिथं तर बिस्किटंही असतात.

मुख्य सभेला मात्र शंभर जमेनात. शिपायानं हजेरीची वही दारातच धरली होती. झेंडावंदनाला आलेले सही न करता मागच्या मागे सटकत होते. एका काकांना मी बाहीला धरून आणलं. त्यांनी सही केली आणि कानाशी येऊन विचारलं, “घरकुलाची यादी हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना जेवायला बोलावून नुसतं पाणीच दिलं. तेही आमच्याकडे रात्री येतं. सरपंचबाई अर्धा तास थांबल्या, मग सभा तहकूब. भाऊसाहेबांनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “दोन ऑक्टोबरला घरकुलाची यादी वाचायचीय.”

दोन ऑक्टोबरला समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत माणसं, ओट्यावर माणसं, गजांना लोंबकळणारी पोरं. कोरम पहिल्या पाच मिनिटांत झाला आणि वही फिरतच राहिली. यादीवर दुपारभर भांडण झालं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं नाव नाही आणि स्लॅबवाल्याचं आहे, असं कुणीतरी ओरडलं. स्लॅबवाला उठून म्हणाला, स्लॅब भावाचा आहे. भाऊ उठून म्हणाला, माझा नाही, ह्याचाच आहे. माईकची वायर कुणाच्या तरी पायात आली आणि सरपंचबाईंच्या यजमानांना त्यांचं काम मिळालं. शेवटी म्हातारीचं नाव घ्यायचं ठरलं तेव्हा ती ओट्यावर चिमणीएवढी बसलेली होती, तिला दोनदा सांगावं लागलं.

आयत्या वेळचे विषय आले तोवर उन्हं कलली होती, निम्मी माणसं पांगली होती. पण वहीत सह्या होत्या. मी सूचक, मावशी अनुमोदक. पहाटे पाचला पाणी सोडावे. हात वर झाले, काहींचे तर विषय न ऐकताच, यादीच्या झोकात. भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. चर्चा सविस्तर झाली होती हे खरंच, फक्त ती व्हरांड्यात झाली होती.

ठरावाची नक्कल घेऊन मी वॉलमनकडे गेले. ते सभेला नव्हते, विहिरीवर होते. भल्याथोरल्या पान्यानं व्हॉल्व फिरवत त्यांनी कागद ऐकून घेतला. हात ओले म्हणून धरला नाही.

“ठराव चांगला हाय ताई. पण पंप चालतो थ्री फेजवर. इथली लाईन शेतीची. लाईट रातची येते, पाचाच्या आधीच जाते. पाचाला मी कशानं उचलू पाणी? हातानं?”

“मग हे सभेत का नाही सांगितलंत?”

“सभा होती तवा लाईट अवचित आली होती. टाकी भरून घेतली.”

मी म्हटलं, ग्रामसभेनं सर्वानुमते मंजूर केलंय. ते म्हणाले, व्हय, पण थ्री फेजचं नाव आपल्या मतदारयादीत नाय. मग भाऊसाहेबांनी त्या ठरावाखाली दुसरा कागद जोडला, पंपाला गावठाणची लाईन मिळावी म्हणून. तो वर गेला आहे. वर म्हणजे कुठे, ते भाऊसाहेबांनी बोट आढ्याकडे करून दाखवलं.

तूर्तास पाणी रात्रीचंच आहे. फरक एवढाच, की पंप सुरू करायच्या आधी वॉलमन मला मिस्ड कॉल देतात, मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकते, मावशी गावठाणात हाक देतात. परवा मिस्ड कॉलच्या ऐवजी खरा फोन आला. दीड वाजला होता.

“ताई, जाग्या हाव ना? नाय, पाणी हायच. पण सव्वीस जानेवारीच्या सभेत माझ्या पगाराचा विषय घेता का, आयत्या वेळचा? चार म्हैने थकलाय.”

मी अंधारात बसून म्हटलं, घेऊ की, पण त्याला शंभर माणसं लागतात.

“त्ये माहीत हाय. आमच्या घरातली नऊ धरा.”