जेटीचा उतार म्हणजे तुमच्या बापाचं पार्किंग नव्हे

नाताळची सुट्टी लागली की दाभोळच्या जेटीवर जायच्या नुसत्या विचारानेच मस्तकात तिडीक जाते. खाडीपलीकडे धोपावे दिसतंय, फेरीबोट लागलीय, तिची फळी खाली पडलीय, आणि उताराच्या बरोब्बर मधोमध एक धूड एसयूव्ही चारही दारं उघडी टाकून उभी. आत काय चाललंय? तर तिकिटाचे पैसे कोण देणार यावर चर्चा, आजींची चप्पल कुठल्या सीटखाली गेली त्याचा शोध, आणि वेफर्सचं पुडकं डिकीतून पुढे. अहो, वर रांगेत एवढा वेळ उभे होतात, तेव्हा काय रील बघत होतात?

उताराला चाक लागायच्या आधी सगळं उरकायचं असतं. बाकीच्यांनी वरच उतरायचं आणि कडेकडेने चालत बोटीत जायचं. गाडीत फक्त ड्रायव्हर. खलाशी सरळ म्हणाला तर सरळ घालायची, रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स. जड टेम्पो कुठे, कार कुठे, बोट कुठल्या अंगाला कलतेय, हे तो बघतो, कारण तो दिवसभर तेच करतो. पण नाही. ‘मला शिकवू नकोस, मी लडाखला गाडी नेलीय.’ लडाखला भरती-ओहोटी नसते हो साहेब!

इथे असते. उधाणाच्या दिवसांत सुकती, म्हणजे ओहोटी लागली की पाणी पार खाली जातं आणि उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. फळी आणि काँक्रीट यांच्यात असा काही कोन होतो की बुटकी सेडान तिथे पोट घासणारच. कर्रर्र आवाज आला की साहेब गच्चकन ब्रेक मारतात. पुढची चाकं फळीवर, मागची शेवाळावर, आणि हे खाली उतरून बंपर चाचपतायत! तिकडे इंजिन चालू ठेवून बोट धक्क्याला रेटून धरलीय, खलाशी घसा फोडतोय, ‘दादा, घ्या पुढे, थांबू नका!’ पाणी कधी उतरणार ते आधी कळतं हो! तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पाणी तळाला. एवढा हिशोब नको असेल तर वर टपरीवर चहा पिता पिता विचारा, कुणीही सांगेल.

सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार पुढेच आहे. बोटीतल्या गाड्या अजून बाहेर निघतायत, तेवढ्यात इकडचे बाइकवाले फटीफटीतून उतारावर घुसतात. त्यांच्यामागून एक कार. झालं! वरच्याला खाली जाता येत नाही, खालच्याला वर येता येत नाही. लोकलच्या दारात ‘पहिले उतरू द्या’ म्हणून बोंबलणारे हेच लोक इथे आले की विसरतात. आणि त्या कोंडीत एक जोडपं शेवाळावर उभं राहून फोटो काढतं. घसरले तर? जेटीवाल्यांना शिव्या घालायला मोकळे.

जेटीवाल्यांनाही सोडत नाही मी. गर्दीच्या दिवशी वर रांग लावायला एक माणूस उभा करता येत नाही? उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची वाट वेगळी आखायला चार डबे रंगही पुरेल.

तुम्हाला ही बोट सहलीतली गंमत आहे. आम्हाला पलीकडे दवाखाना असतो, कचेरीतलं काम असतं, कुणाच्या तरी मयताला वेळेत पोचायचं असतं. बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा, शंभरावर किलोमीटरचा. पुलाचं म्हणाल तर रेवस-रेडी सागरी मार्गाच्या गोष्टी अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. तोवर आमची सगळी भिस्त या एका उतारावर.

आणि हो, बोट धक्का सोडून निघाल्यावर मागून हॉर्न बडवणारे महाभाग! हॉर्न ऐकून बोट माघारी येत नसते.