शेजारच्या सीटचे पैसे

आज डोकं फिरलंय माझं. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे, पुण्यात. आई-बाबांची नागपूरहून यायची विमानाची तिकिटं काढायला दुपारी बसले. भाडं बघितलं, आवंढा गिळला, नावं-वयं-फोन नंबर सगळं भरलं. आणि पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर काय यावं? एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो. दोघं खिडकीतून ढग बघताहेत, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, आपल्या माणसाजवळ बसा. आणि त्याच्याखाली भाव. माणशी, एका फेरीचा.

मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींचं उत्तर दोन मिनिटांत हजर: "अगं भर ना. दोघांचे मिळून आठशे होतील. एवढ्यासाठी काय?"

एवढ्यासाठी काय, ते आता सगळ्यांसमोरच सांगते.

दिवाळीनंतर आई-बाबा पुण्याहून परत गेले तेव्हाची गोष्ट. एकाच तिकिटावर दोघं. एक पीएनआर, एकच आडनाव, वयं 71 आणि 76, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरला माहीत. वेब चेक-इन केलं तर आईला 27 बी आणि बाबांना 9 ई. दोघंही मधल्या सीटवर, कारण मधली सीट पैसे देऊन कोणी घेत नाही. मधे अठरा रांगांचं अंतर. आता मला सांगा, एवढी अक्कल त्या कॉम्प्युटरला नाही? आहे. चांगलीच आहे. अक्कल आहे म्हणूनच तर तोडून बसवतो, पुढच्या वेळी आपण घाबरून पैसे भरावेत म्हणून.

बाबांना शुगर. गोळ्या, बिस्किटांचा पुडा आणि तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा आईच्या पिशवीत, कारण आमच्या घरी ते खातं आईकडे आहे. विमान पावणेदोन तास लेट. दोन तास लेट झालं तर खायला-प्यायला द्यायचा नियम आहे ना, म्हणून पावणेदोन! बाबा म्हणाले, आता आत बसूनच खाऊ. आत गेल्यावर कळलं की डबा 27 मध्ये आणि तोंड 9 मध्ये.

बाबांनी शेजारच्या मुलाला विचारलं. पंचविशीतला असेल, कानात ते पांढरे इअरफोन. म्हणाले, "बेटा, आमच्या मंडळी मागे बसल्या आहेत, तू तिकडे जातोस का?" तो म्हणाला, "काका, मी या सीटचे एक्स्ट्रा पैसे भरलेत."

बाबा म्हणाले, "हो हो, बस बस."

हे मला बाबांनी स्वतः फोनवर सांगितलं, हसत. वर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे ना. पैसे भरले त्यानं."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. बरोबर आहे त्याचं! खरंच बरोबर आहे. मी त्या मुलावर चिडूसुद्धा शकत नाही. पाचशे-सातशे मोजून त्याने ती जागा घेतली, ती सोडून मागच्या रांगेत मधे का जावं त्याने? पण अशी वेळ आणली कोणी? कालपर्यंत जी गोष्ट "जरा सरकता का" एवढ्यावर मिटत होती, तिला भाव लावला कोणी? कंपनीने सीट विकली एवढंच नाही, त्या मुलाचा चांगुलपणाही सीटसोबत विकून टाकला. आता तो उठला तर त्याचं नुकसान. आणि विचारणारा म्हातारा फुकट्या.

आमचे बाबा कोण, हे नव्या मित्रमंडळींना माहीत नसेल. एसटीत कंडक्टर होते. गणेशपेठ डेपो. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं हो? लोकांना बसवलं. "ए बाळा, आजीला खिडकी दे, उलटी होते तिला." "ताई, लेकरू मांडीवर घ्या, हे मास्तर उभे आहेत." एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात चिमटा, आणि गाडी उमरेडच्या वेशीबाहेर पडेपर्यंत ज्याला जिथे पाहिजे तिथे तो बसलेला. भांडणं व्हायची, नाही असं नाही. सीटवर रुमाल टाकून जागा धरणारेही होतेच. बसमध्ये आमदारांसाठी राखीव असं रंगवलेलं असायचं. त्या सीटवर मी लहानपणी हक्काने झोपलेय. पण नवरा पुढे आणि बायको मागे असा प्रकार बाबांनी डबल बेल मारायच्या आधी मिटवला असता. आणि त्या माणसाला विमानात "हो हो, बस बस" म्हणून गप्प बसावं लागलं.

बरं, आता कोणीतरी येईलच सांगायला की विमान कंपन्यांना परवडत नाही. मान्य. जेट एअरवेज 2019 ला बसली, गो फर्स्ट 2023 ला, इंधन महाग आणि त्यावर राज्यांचा व्हॅट. झालं? पुढे जाऊ?

परवडत नाही तर भाडं सरळ वाढवा ना. तिकीट साडेपाच हजार आहे म्हणा. मी साडेपाच भरीन नाही तर नाही भरणार. पण पहिल्या पानावर एक आकडा दाखवायचा आणि शेवटच्या पानापर्यंत त्याला शेपट्या लावत जायचं, हा आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा. सीटचे वेगळे. लवकर आत जायचे वेगळे. बॅग लवकर यायची असेल तर तेही वेगळे. मी माझ्या मोबाइलवर, माझ्या डोळ्यांची वाट लावून तिकीट काढलं, त्याची कन्व्हिनियन्स फी. कोणाची सोय झाली बाई यात? आणि विमा नको म्हटलं की असं काही विचारतात जणू मी आईबापांना मारायलाच निघालेय. हे असलं लाजवणं बेकायदा आहे, बरं का. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ग्राहकांना फसवणाऱ्या अशा क्लृप्त्यांवर नियमावली काढली. तिच्यात उदाहरण कुठलं दिलंय माहितीये? विमानाच्या तिकिटाचंच. विमा न घेणाऱ्याला 'आय विल स्टे अनसिक्युअर्ड', म्हणजे 'मी असुरक्षितच राहीन', असं बटण दाबायला लावणं. सरकारलाही दुसरं उदाहरण सुचलं नाही, यातच सगळं आलं.

आणि सरकारला हे थांबवता येत नाही असं कोणी म्हणू नका. काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे दोनशे रुपये घेत होते, आठवतं? 2022 च्या जुलैत केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितलं, घेता येणार नाहीत. संपला विषय. 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, सांगितलं, 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांजवळच सीट द्या. उत्तम केलं. म्हणजे त्याआधी पाच वर्षांच्या पोराला अनोळखी माणसांमध्ये बसवून आईकडून पैसे उकळता येत होते, हे तुमच्या लक्षात येतंय का? त्यासाठी आदेश काढावा लागला! मग 76 वर्षांच्या पोराचं काय? रेल्वेने 2020 पासून ज्येष्ठांची सवलत बंद केली म्हणून मी रेल्वेला शिव्या घालते, पण रेल्वेचा कॉम्प्युटर म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ द्यायचा निदान प्रयत्न तरी करतो. फुकट.

भाड्याबद्दल तर बोलायलाच नको. बोलतेच. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना 2018 पासून मर्यादा आहे, एसटीच्या दीडपट. पाळतात किती ते आपण नागपूरकर दर दिवाळीला बघतोच, पण कागदावर का होईना, आहे. एसटीने दिवाळीत दहा टक्के म्हटलं तरी बोंबाबोंब होते आणि मागे घ्यावं लागतं. विमानाला मात्र कुंभमेळा असो की लग्नसराई, काही धरबंध नाही. 2025 चंच बघा. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पायलट पुरेनात, हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर बॅगांवर झोपले. आणि बाकीच्या विमानांची भाडी? आकाशात. शेवटी 6 तारखेला सरकारने कमाल भाडं ठरवून दिलं. 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, 500 ते 1000 पर्यंत 12 हजार, पुढे आणखी. पुणे–नागपूर हवेतून सहाशे. म्हणजे बारा हजार हा तेव्हा आपल्याला दिलासा!

पाणी प्यायला उठले होते. परत आले. जरा शांत झालेय.

त्या मुलाबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. नागपूरला उतरल्यावर त्यानेच बाबांची पिशवी वरून काढली, आणि आई मागून येईपर्यंत बाबांजवळ थांबला. आईला म्हणाला, "सॉरी काकू." आई म्हणते, चांगल्या घरचा होता. असणारच. त्याला काय हौस होती म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची? पहिल्या नोकरीतला असेल, पगारातून काटून तिकीट काढलं असेल, त्यालाही त्या स्क्रीनने असंच घाबरवलं असेल. तो आणि बाबा दोघं एसटीत शेजारी बसले असते तर गडचिरोलीपर्यंत गप्पा मारत गेले असते.

आणि डब्याचं काय झालं, तेही ऐका. विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला, आई उठली तर मधे ती खाण्याची गाडी. पुढे जाता येईना. कर्मचारी मुलीला सांगितलं, ती बिचारी म्हणाली थोड्या वेळाने. आमची आई कुठली थांबायला! तिने पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "9 नंबरला पांढरी टोपीवाले आहेत, तेवढं पास करा." स्टीलचा डबा, त्यावर रबर बँड, रबर बँडमध्ये गोळीची पुडी खोचलेली. सव्वीस, पंचवीस, चोवीस. एसटीत मागच्या प्रवाशाचे तिकिटाचे पैसे हातोहात पुढे जातात तसा गेला डबा. कोणी विचारलं नाही काय आहे. एका इंग्रजी पेपर वाचणाऱ्या साहेबांनी तर वळून खात्री केली म्हणे, "टोपीवालेच ना?" पंधराव्या रांगेच्या आसपास त्या कर्मचारी मुलीने बघितला, आधी कपाळाला आठी, मग स्वतःच उचलून बाबांना नेऊन दिला आणि पाण्याचा पेलाही दिला. बाबांनी शेजारच्याला पुरी विचारली. त्याने दोन घेतल्या.

आता हसू येतंय मला लिहिताना. पण त्या वेळी बाबांचे हात थरथरायला लागले होते, हे आईने मला पंधरा दिवसांनी सांगितलं. मी चिडीन म्हणून. तर चिडले! त्या अख्ख्या विमानात वाईट माणूस एकही नव्हता. प्रवासी चांगले, ती मुलगी चांगली, तो पोरगाही चांगला. आणि तरी शुगरच्या पेशंटची गोळी अठरा रांगा लांब. हे कोणीतरी एसी ऑफिसात बसून ठरवलंय, मीटिंग घेऊन, आलेख दाखवून.

म्हणून भाऊजी, आठशे रुपये माझ्याकडे आहेत. तुमच्याकडेही आहेत. आपण भरू आणि आपल्या आई-बाबांना शेजारी बसवू. पण आपण भरतो म्हणूनच तो फोटो तिथे आहे ना? आणि ज्या घरात पहिल्यांदाच कोणी विमानात बसतंय, ज्यांनी दोन वर्षं पैसे साठवलेत, त्यांची आजी 27 बी मध्ये पट्टा कसा लावायचा हे कोणाला विचारणार?

मागणं फार नाही माझं. फुकट जेवण नको, पाय लांब करायला जागा नको, खिडकी तर नकोच. बाबा खिडकीतून बघतच नाहीत, ते समोर बघतात, सवय आहे. एका तिकिटावर दोन ज्येष्ठ असतील तर लगतच्या दोन सीट, शेवटच्या रांगेत संडासाजवळ दिल्या तरी चालतील, जादा पैसे न घेता. लहान मुलांसाठी एक परिपत्रक काढलं, त्यात एक ओळ वाढवायची.

आणि आता "रेल्वेने जा" लिहायला बोटं शिवशिवणाऱ्यांसाठी: 2025 च्या ऑगस्टपासून नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारत आहे, मला माहीत आहे. बारा तास बसून बाबांचे पाय सुजतात. विमान हौसेसाठी नाही.

नागपूर–पुणे करणाऱ्या मंडळींनो, घरच्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही कसं आणता-नेता ते कमेंटमध्ये लिहा. फक्त ट्रॅव्हल्सचं नाव काढू नका. दिवाळीत एका स्लीपर बर्थचे साडेचार हजार घेऊन ज्याने पहाटे तीनला ढाब्यावर एसी बंद केला होता, त्याच्यावर वेगळी पोस्ट येतेय.