सूर्य जागेवरच आहे, मावशी

मावशीने लागोपाठ दोन दिवस सकाळी उगवत्या सूर्याकडे पाच-पाच मिनिटं टक लावून पाहिलं. का, तर फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं: ‘पृथ्वीचा अक्ष ढळलाय, सूर्य जागा सोडून उगवतोय, स्वतः बघून खात्री करा.’ आता वाचताना अक्षरांवर ठिपका येतो म्हणते. म्हणून आधी हेच: असली खात्री करू नका. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, इजा झाल्यावरच समजतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला आजच नेतोय.

आता फॉरवर्डमधला तो ‘पुरावा’. एकाच गच्चीवरून काढलेले दोन फोटो. १० जानेवारीला सूर्य पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे, २० जूनला बराच डावीकडे. अहो, तो तसाच दिसायला हवा! पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंश कललेला आहे, त्यामुळे उगवतीची जागा वर्षभर क्षितिजावर येरझारा घालते. या दोन तारखांत विषुववृत्तावरसुद्धा ४५ अंशांचा फरक पडतो, तिथून दूर गेलात की आणखी जास्त. मार्चमध्ये तर ती रोज जवळजवळ एका सूर्यबिंबाएवढी सरकते. जूनच्या शेवटी मात्र हलतच नाही म्हणावं इतकी थबकते. दोन्ही फोटो एकाच तारखेचे, वेगवेगळ्या वर्षांचे असते तर बोलण्यात अर्थ होता.

‘पूर्वी बरोबर पूर्वेला उगवायचा’ हे शाळेतल्या एका वाक्याचं पाप. बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास.

फॉरवर्डमधलं ‘भूजल उपशाने ध्रुव सरकला’ हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य. २०२३च्या एका शोधनिबंधात ते आहे: १९९३ ते २०१० या काळात सुमारे ८० सेंटीमीटर. सेंटीमीटर! उगवतीच्या जागेत याने पडणारा फरक सूर्यबिंबाच्या सत्तर हजाराव्या भागाएवढाही नाही. गच्चीवरून फोनने तो टिपणाऱ्याला माझा दंडवत. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे मोठे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या उगवतीच्या रोखाने मांडले, आजही सूर्य त्याच रोखाने वर येतो. एवढ्या काळात अक्षाचा कल जेमतेम अर्धा अंश बदललाय.

मावशीला पेन्सिल दिली आहे. दर रविवारी सूर्याकडे पाठ करून, पहिलं ऊन आत आलं की खिडकीच्या गजाची सावली भिंतीवर पडते तिथे खूण करायची. सूर्य दक्षिणेकडे निघालाय, सावली उत्तरेकडे जाईल. डिसेंबरपर्यंत एकही फॉरवर्ड नको.