सोलापुरात मडरूम बांधताय? मग हे वाचूनच बांधा

जुळे सोलापुरात नाहीतर होटगी रोडला आत कुठंतरी प्लॉट घेतलाय, पाया भरून झालाय, आणि रात्री अंथरुणात पडून मोबाईलवर परदेशातल्या घरांचे फोटो बघायलाय ना तुम्ही? मग अगदी बरोबर रस्त्याला लागलाय. मागच्या दारी मोरी, तिथं धुण्याचा दगड, शेजारी चपला काढायला कोपरा, असलं आता कोण करतंय? आता करायची मडरूम. बाहेरून आलं की बूट, छत्री, दप्तर, चिखल सगळं तिथंच सोडायचं आणि बाजूलाच वॉशिंग मशीन, म्हणजे मळलेलं घरात यायलाच नको. कल्पना खरं तर लै चांगली आहे, त्यामुळं ती बिघडवायला जरा मेहनत घ्यावी लागेल, पण टेन्शन घेऊ नका, इंटिरियरवाला आहेच मदतीला.

सगळ्यात आधी घरात धुणं कोण धुतं ते शोधून काढा आणि त्या माणसाला काहीही विचारू नका. आई असू द्या, बायको असू द्या नाहीतर धुणंभांडीवाल्या मावशी, त्यांना विचारलं की नळ कुठं, बादली कुठं ठेवायची, भिजवलेले कपडे कुठं घासायचे असले फालतू प्रश्न निघतात आणि थ्रीडी व्ह्यूची सगळी मजा जाते. थ्रीडी व्ह्यूत बघा कसं, वेताची एक टोपली, तिच्यात गुंडाळून ठेवलेले तीन पांढरे टॉवेल, भिंतीला चार हुक आणि एका हुकाला गवताची टोपी. घरातली हेल्मेटं, रेनकोट, पोरांच्या क्रिकेटच्या किटा आणि ‘राहू दे, लागतंय कधी कधी’ म्हणून ठेवलेल्या जुन्या चपला त्या चित्रात नाहीत, म्हणजे त्या घरातही नसणार, असं धरून चाला.

फरशी पांढरी घ्या. पांढरी आणि एकदम गुळगुळीत, तोंड दिसलं पाहिजे. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, एक सर पडून गेली की गेटपासून दारापर्यंत येईतो चपलेखाली दुसरी चप्पल तयार होते, आणि वाळली की खुरप्यानंच काढावी लागते. हीच माती पाणी पिऊन फुगती आणि उन्हाळ्यात भेगाळती, म्हणून तर इंजिनिअरनं पायाला एवढा खर्च करायला लावला, तिथं तुम्ही गुपचूप पैसे दिले, आता वर फरशीला कशाला तिचा विचार करायचा? दाराशी खाली एक नळ, दीड बाय दोन फुटाचा खोलगट चौकोन आणि खरखरीत फरशी ठेवली तर पाय धुऊन माणूस आत येईल आणि मशीनपर्यंत चिखल जाणारच नाही. मग तिला मडरूम कसं म्हणायचं? आजोळी दारात पाण्याची बादली आणि तांब्या असायचा, तेवढ्यात सगळं भागायचं, पण त्याचा फोटो कोणी टाकला नाही.

उताराचं फरशीवाल्यावर सोडून द्या. दहा फुटाला सव्वा इंच तरी उतार जाळीकडं पाहिजे, पण तो ‘साहेब, लेव्हल एकदम परफेक्ट’ म्हणून पट्टी लावून दाखवेल तेव्हा खूश व्हा. पाणी मग दोन्ही बाजूला विचार करत उभं राहील. आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं, स्वस्तातला, कमी खोलीचा घ्या. चांगल्या खोल ट्रॅपात 50 मिलीमीटर पाणी उभं राहतं, त्यामुळं खालचा वास आणि झुरळं वर येत नाहीत, पण एप्रिल-मेमध्ये तुम्ही आठ-दहा दिवस गावाला गेलात की 42-43 डिग्रीत स्वस्तातल्यातलं उथळ पाणी उडून जातं. परत आलात की झुरळं मडरूमचा तुमच्यापेक्षा जास्त वापर करताना दिसतील. कोणीतरी तरी वापरतंय.

आता पाणी. पाणी रोज चोवीस तास येतं असं समजूनच प्लॅन काढा. उजनीवरून शंभरेक किलोमीटर पाइपातून आपलं पाणी येतं आणि काही दिवसांआड येतं हे सोलापुरात जन्मलेल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे, तेवढ्यासाठीच ते प्लॅनमध्ये येता कामा नये. पाण्याच्या दिवशी भरायचे ड्रम, बॅरल, मोटरचा पाइप हे सगळं मग त्या बेंचवर येईल ज्याच्यावर बसून तुम्ही बूट घालणार होता. फ्रंट लोडला एका धुण्याला 50-60 लिटर पाणी लागतं, टॉप लोडला साधारण दुप्पट, आणि शेवटचं खळबळायचं पाणी चांगलं असतं, त्यात अंगण धुऊन होतं, पायऱ्या धुऊन होतात, हे मावशींनी सांगितलं असतं. पण त्यांना विचारायचं नाही असं आपलं ठरलंय. म्हणून ड्रेनचा पाइप थेट भिंतीत घाला, बादली लावायला जागाच ठेवू नका. नाहीतर खाली जमिनीवर मोकळा सोडा, म्हणजे वरनं पाणी भरतंय आणि खालनं चाललंय अशी मशीन तासभर चालेल. कंपनीवाले दोन-तीन फूट उंचीवर पाइप अडकवायला सांगतात, ते काय सांगतच असतात.

खोली वरच्या मजल्यावर असेल तर अजून सोपं. बऱ्याच मशीनला 0.3 बार तरी प्रेशर लागतं, म्हणजे टाकी नळाच्या दहा फूट वर पाहिजे. तुमची टाकी बरोबर डोक्यावर, स्लॅबला टेकून. मशीन चालू करून निवांत चहा ठेवा, चहा पिऊन कपबशी धुऊन होईपर्यंत ती पाण्याची वाट बघत बसेल आणि मग एरर दाखवेल. सोळा अँपियरचा सॉकेट नळाच्या बरोब्बर खाली घेतला की झालं, अर्थिंगचं नंतर बघू म्हणायचं, म्हणजे इलेक्ट्रिशियनशी आयुष्यभराचं नातं जुळतं.

मशीन दिसता कामा नये, हे इंटिरियरवाल्याचं पहिलं तत्त्व. मग प्लायचं कपाट करा, खालून-वरून बंद. साबणाच्या पाण्यानं प्लाय वर्षभरात फुगतो, फुगू द्या. खरी गंमत जानेवारीत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळेला नंदीध्वजाच्या मिरवणुकीला गेलेलं पोरगं घरी येतं, अंगात पांढरी बाराबंदी, घामानं चिंब, धुळीनं मातकट, आणि खिशात नाहीतर शिवणीत अडकलेल्या अक्षता. आई खिसे झटकते, तरी चार दाणे राहतातच, ते मशीनमध्ये फुगून खालच्या फिल्टरला जाऊन बसतात आणि पाणी तुंबतं. फिल्टर काढायला समोर खाली छोटं झाकण असतं, आणि त्या झाकणासमोर तुम्ही हौसेनं लॅमिनेट मारलेली पट्टी ठोकलेली असते. सणाच्या दिवशी सुतार मिळतोय का बघा बरं.

सोलापुरी चादरीला मशीनमध्ये घालूनच बघा. मशीनवर 6.5 किलो लिहिलंय ते कोरड्या कपड्यांचं, भिजलेली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी लागते. त्यासाठी मशीन घराच्या एका टोकाला आणि गच्चीचा जिना दुसऱ्या टोकाला घ्या, मध्ये हॉल. पाहुणे बसलेले असताना ठिबकणारी चादर घेऊन जाण्यात जी शान आहे ती ड्रायरमध्ये नाही. पण ड्रायर घ्याच. जिथं मे महिन्यात चादर दोरीवर टाकून खाली येईपर्यंत वाळत आलेली असते, तिथं वीज जाळून कपडे वाळवायला जिगर लागतं बे.

वास्तूवाल्याला मात्र सगळं प्लंबिंग झाल्यावरच बोलवा. तो मशीन वायव्येला सांगेल, पाइप आग्नेयेला गेलेला असेल.

आणि मशीन सगळ्यात शेवटी घ्या, दारं-खिडक्या, ग्रिल, रंग सगळं झाल्यावर. मशीन 60 सेंटीमीटर रुंद, तुमच्या मडरूमचं दार चोवीस इंची, म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर शिल्लक राहतंय. चौकट, बिजागरी आणि उघडलेला दरवाजा कागदावर जागा खात नाहीत. टेम्पोवाली पोरं मशीन आडवी करून बघतील, उभी करून बघतील, मग घाम पुसत खिडकीकडं बघतील. तेव्हा ‘ग्रिल कापून देणाऱ्या वेल्डरचा नंबर आहे का’ असं विचारतील, तो आत्ताच घेऊन ठेवा. रविवारी तो फोन उचलत नाही.