‘ड्राइव्हवर टाका, लॅपटॉपमधून उडवा’: हा सल्ला पाळण्याआधी

‘लॅपटॉप भरला? या पाच गोष्टी करा’ असा एक संदेश शाळांच्या, सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरात फिरतो आहे. तो म्हणतो: फाइल गूगल ड्राइव्हवर गेली की लॅपटॉपमधली उडवा; पाठवताना झिप करा (म्हणजे फाइल एकत्र बांधून आकुंचित करा), जागा निम्मी लागते; दुसऱ्यांनी शेअर केलेल्या फाइल काढून टाका म्हणजे तुमचे १५ जीबी मोकळे होतील; डिलीट केलं की जागा लगेच मिळते; आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं तिथे राहतंच, मूळ फाइल कशाला ठेवायची? पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पहिल्या आणि शेवटच्या सल्ल्यामुळे फाइल कायमच्या हातच्या जाऊ शकतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

‘ड्राइव्हवर गेली की लॅपटॉपमधली उडवा.’ फाइल ड्राइव्हवर कुठल्या वाटेने गेली, यावर सगळं ठरतं. ब्राउझरमधून अपलोड केली असेल तर लॅपटॉपमधली आणि ड्राइव्हवरची या दोन वेगळ्या प्रती असतात. एक पुसली तरी दुसरी राहते. पण ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ हे लॅपटॉप आणि ड्राइव्ह जोडणारं गूगलचं अ‍ॅप बसवलेलं असेल आणि ते ‘मिरर’ पद्धतीवर चालत असेल, तर दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या असतात. लॅपटॉपच्या फोल्डरमधून फाइल उडवली की ती ड्राइव्हवरही ट्रॅशमध्ये जाते आणि ३० दिवसांनी कायमची पुसली जाते. फाइल तुमची असेल आणि शेअर केलेली असेल, तर त्यानंतर इतरांनाही ती मिळेनाशी होते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे दोन्हीकडे आपोआप जुळत राहणाऱ्या, फोल्डरचंही असंच आहे.

अशा वेळी फाइल पुसू नका; ती ऑनलाइन ठेवून लॅपटॉपवरची प्रत तेवढी हटवण्याची सोय वापरा. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ‘मिरर फाइल्स’ऐवजी ‘स्ट्रीम फाइल्स’ निवडा, म्हणजे फाइल ऑनलाइन राहतात आणि उघडताना तेवढ्या उतरतात. बदल केल्यावर जुना फोल्डर डिस्कवर तसाच पडून राहतो. सिंक पूर्ण झालं आहे आणि नव्या ठिकाणी फाइल उघडताहेत हे पाहिल्यावरच तो काढा. वनड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणा. हिरवी टिकखूण जाऊन निळा ढग दिसला की ती फाइल फक्त ऑनलाइन उरली. फोनवरच्या गूगल फोटोमध्येही याच नावाचा पर्याय आहे आणि तो बॅकअप झालेले फोटोच फोनमधून काढतो. आयफोनवर आयक्लाउड फोटो चालू असताना एक फोटो पुसला तर तो त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जातो. तिथे ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करणं हा मार्ग.

ब्राउझरमधून अपलोड केलं असेल तरी घाई नको. मोठा फोल्डर चढत असताना नेट तुटलं तर काही फाइल मागे राहतात आणि फोल्डरचं नाव मात्र ड्राइव्हवर दिसतं. ‘अपलोड पूर्ण’ असा संदेश आला का ते पाहा, आणि दुसऱ्या उपकरणावरून चार-पाच फाइल उघडून बघा. ज्या फाइल पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची आणखी एक प्रत एखाद्या बाहेरच्या हार्डडिस्कवर हवीच.

झिपने जागा निम्मी होते, हे मजकुराच्या आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्यांच्या) फाइलच्या बाबतीत खरं आहे; तिथे निम्म्याहूनही कमी होते. पण लोक बहुतेक वेळा पाठवतात फोटो, व्हिडिओ आणि गाणी. जेपीजी, एमपी४, एमपी३ हे प्रकार मुळातच आकुंचित असतात, त्यामुळे झिप केल्यावर टक्का-दोन टक्के वाचले तर वाचले. वर्ड आणि एक्सेलच्या हल्लीच्या फाइल तर आतून झिपच असतात. उलट झिप तयार करायलाच जागा लागते. १२८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११९ जीबी दाखवतं, त्यातले ६ जीबी मोकळे आहेत आणि तुम्ही ८ जीबी फोटोंची झिप करायला घेतली, तर काम अर्ध्यात अडकतं. घेणाऱ्याला ती उतरवायला ८ आणि उघडायला आणखी ८, म्हणजे एकूण १६ जीबी लागतात. फोटो न बांधता फोल्डर तसाच चढवा आणि लिंक द्या, म्हणजे ज्याला चार फोटो हवेत तो चारच उतरवेल.

आकार खरंच कमी करायचा असेल तर फाइलच्या आत जावं लागतं. ४०००×३००० पिक्सेलचा फोटो २०००×१५०० केला की पिक्सेल चौथाई उरतात. स्क्रीनवर पाहायला एवढं पुष्कळ झालं. छापायचा असेल तर मूळ फोटो जपा. कागदपत्रं ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) रंगीत स्कॅन करण्याऐवजी २०० डीपीआय ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत, करा. ४४ टक्के पिक्सेल उरतात, शिवाय रंगाची माहिती जाते, आणि टाइप केलेला मजकूर तरीही स्वच्छ वाचता येतो.

आता शेअर केलेल्या फाइल. गूगल ड्राइव्हवर जागा मालकाच्या खात्यातून जाते. ‘शेअर्ड विथ मी’मध्ये शेकडो फाइल असल्या तरी तुमच्या १५ जीबीला धक्का लागत नाही, आणि त्या काढून काही मिळतही नाही. ‘मेक अ कॉपी’ केलंत तर मात्र त्या प्रतीचे मालक तुम्ही. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जो फाइल चढवतो तो तिचा मालक, फोल्डर कुणाचाही असो. त्यामुळे सोसायटीच्या फोल्डरमध्ये जुन्या सचिवांनी चढवलेली इतिवृत्तं त्यांच्या खात्यावर असतात. त्यांनी आपली जागा रिकामी करताना ती पुसली तर सोसायटीचं दप्तर गेलं. संस्थेच्या कागदांसाठी संस्थेचं वेगळं खातं काढा आणि महत्त्वाच्या फाइल त्याच खात्यातून चढवा. ड्रॉपबॉक्सचा हिशोब निराळा आहे: वैयक्तिक खात्यात सामील झालेल्या प्रत्येकाच्या कोट्यात शेअर केलेला फोल्डर मोजला जातो. मोफत जागा २ जीबीच असल्याने तिथे फोल्डर सोडल्याने खरोखर जागा मिळते.

तुमच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात. ड्राइव्हमध्ये ‘स्टोरेज’वर क्लिक केलं की तुमच्या मालकीच्या फाइल मोठ्यापासून क्रमाने दिसतात. जीमेलच्या प्रगत शोधात आकार १० एमबीपेक्षा मोठा असा टाकून जुनी अटॅचमेंट शोधा. ‘सेंट’मधलीही मोजली जातात. मेलमध्ये अटॅचमेंट जाताना तीन बाइटचे चार होतात, म्हणून १५ एमबीची फाइल सुमारे २० एमबीची होते. तीच तीन वेगवेगळ्या मेलनी पाठवली तर ६० एमबी गेले. ड्राइव्हवर एकदा चढवून लिंक दिली तर १५ एमबीतच भागतं.

डिलीट केल्यावर जागा लगेच मिळत नाही. ट्रॅशमधली फाइल जागा धरून बसते: ड्राइव्ह आणि जीमेलमध्ये ३० दिवस, बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ६० दिवस. एकदा नजर टाकून मगच ट्रॅश रिकामा करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ‘तिथे’ राहत नाही. फाइल पोचली की कंपनीच्या सर्व्हरवरून निघते आणि उरते ती पाठवणाऱ्याच्या नि घेणाऱ्यांच्या फोनमध्ये. फोटो म्हणून पाठवला तर दाबून लहान केलेला जातो; मूळ दर्जा हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही २०२४ पासून गूगलच्या याच १५ जीबीत मोजला जातो. जागा कमी पडत असेल तर चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद करा, मात्र हवे असलेले व्हिडिओ त्याआधी दुसरीकडे काढून ठेवा.